अर्धवट फॉर्म जातो कुठे?

मुंबईच्या वाकोल्यात झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानाबाहेर दुपारी थोडा वेळ उभं राहिलं की हे दृश्य दिसतं. एखादी बाई, बरोबर शाळकरी मुलगी, मुलीच्या हातात फोन. कुठल्याशा योजनेचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणं चालू असतं. आईचं नाव, माहेरचं आडनाव, चाळीचा पत्ता, पिनकोड ४०००५५, आणि पासबुकात बोट ठेवून एकेक आकडा बघत टाकलेला खाते क्रमांक. मग आधार कार्डाचा फोटो. कॅमेरा उघडतो, कार्ड काउंटरवर ठेवून फोटो निघतो, बरोबरची खूण दाबली जाते. फोन क्षणभर पांढरा पडतो आणि समोर येतं ॲपचं पहिलं पान: भाषा निवडा. येरे माझ्या मागल्या. मुलगी म्हणते, “आई, उडालं सगळं.” आई म्हणते, “तुझाच कुठेतरी हात लागला असेल.”

हात कुणाचाही लागलेला नसतो.

कॅमेरा हे फोनमधलं मोठं खादाड प्रकरण. तो उघडला की त्याला मेमरी लागते, आणि दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये ती कुणाच्या तरी ताटातून काढूनच द्यावी लागते. अँड्रॉइड मग बघतो, या घडीला डोळ्यांसमोर नसलेलं, पण जागा अडवून बसलेलं कोण आहे? फॉर्मचं ॲप. त्याला तो न विचारता बंद करतो. ॲप बनवणारे याला ‘प्रोसेस डेथ’ म्हणतात. वापरणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण कॅमेऱ्यातून परतताना सिस्टीम तेच ॲप नव्याने उभं करते. ॲप जागं होतं, पण त्याला मागचं काही आठवत नसतं. हा बिघाड नव्हे. अँड्रॉइडच्या माहितीपुस्तिकेत लिहून ठेवलेला नियम आहे. ज्याने ॲप बनवलं त्याने तो वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला.

डेस्कटॉप संगणकावर हा प्रश्न इतका कधी टोचला नाही. खिडकी उघडी ठेवून दहा कामं करता येत, आणि जपायचं असेल तर माणूस स्वतः ‘सेव्ह’ दाबे. मोबाइलने ते बटण जवळपास हद्दपार केलं. जपण्याची जबाबदारी माणसाकडून ॲपकडे गेली, पण ॲपवाल्यांनी ती सगळ्यांनी सारख्याच गांभीर्याने घेतली असं काही झालं नाही.

स्मार्टफोनांच्या आधीच्या जावा फोनांवर ‘रेकॉर्ड मॅनेजमेंट सिस्टीम’ नावाची एक चिमुकली पेटी असे. माहितीचे बाइट करून त्या पेटीत टाकायचे आणि हवे तेव्हा उलगडायचे. मुंबईकरांच्या हातात एम-इंडिकेटर आलं ते त्याच जावा फोनांच्या जमान्यात. लोकलचं वेळापत्रक ॲपच्या पोटातच घेऊन फिरायचं, नेटची वाट बघायची नाही, ही त्याची साधी युक्ती. बोगद्यात, गर्दीत, पावसात ते उघडत राहिलं ते त्यामुळेच. आयफोन २००७ साली आला, पुढच्या वर्षी बाहेरच्यांची ॲप्स त्यावर आली; पण २०१० च्या आयओएस ४ पर्यंत होम बटण दाबलं की बाहेरचं ॲप सरळ बंद होई. जाच होता, पण त्यात एक शिस्तही होती. बंद होणार हे ठरलेलंच, तेव्हा जाता जाता सगळं लिहून ठेवा. अँड्रॉइडने पहिल्यापासून वेगळा सौदा केला. ॲप मागे जिवंत राहील, बहुधा. या ‘बहुधा’नेच पुढची सगळी भानगड केली.

आता मूळ प्रश्न. एका स्क्रीनवरची माहिती दुसऱ्या स्क्रीनवर न्यायची कशी? अँड्रॉइडमध्ये एक स्क्रीन दुसरीला ‘इंटेंट’ पाठवून बोलावते, आणि त्या इंटेंटला एक पुडकं बांधता येतं: नाव, वय, क्रमांक. आयफोनवर पुढच्या स्क्रीनच्या हातात वस्तू थेट ठेवतात. फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात नवी स्क्रीन आधीच्या स्क्रीनवर रचली जाते आणि परत जाताना उत्तर घेऊन जाते. पद्धती निराळ्या, मोह एकच: सगळं सामान पुड्यात कोंबायचं. नवा मुलगा कामाला लागला की त्याला वाटतं, ग्राहकाची सगळी माहिती, फोटोसकट, पुढच्या स्क्रीनला देऊन टाकू. पण अँड्रॉइडवर ही देवाणघेवाण ज्या वाटेने होते तिची रुंदी एका ॲपसाठी १ एमबी, आणि त्याच वेळी चाललेल्या बाकीच्या देवाणघेवाणीही त्यातच. आजच्या फोनचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर सिस्टीमकडे जपायला दिलेलं पुडकं फार मोठं झालं की ॲप सरळ कोसळतं. त्याआधी ते गुपचूप हरवत असे. कोसळणं हे त्या मानाने प्रामाणिक.

शिंप्याकडे कपडे टाकलेले असले तर माणूस खिशात पावती घेऊन फिरतो, कपडे घेऊन नाही. चांगली ॲप्स तेच करतात. माहिती एका ठिकाणी, फोनमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतात, आणि एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जातो तो फक्त नोंदीचा क्रमांक. त्या डेटाबेसखाली बहुतेक ठिकाणी एसक्यूलाइट असतं. रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेलं हे सॉफ्टवेअर आज अँड्रॉइडमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. म्हणजे माहिती ठेवायला जागा नाही ही सबब कुणाकडेच उरलेली नाही.

गंमत अशी की अँड्रॉइड स्वतःहूनही थोडं जपतो. साध्या लिहायच्या चौकटीत टाकलेला मजकूर, त्या चौकटीला ओळख क्रमांक दिलेला असेल तर, सिस्टीमच उचलून ठेवते आणि ॲप पुन्हा उभं राहिलं की जागच्या जागी भरते. मग वाकोल्यातल्या त्या बाईचा फॉर्म कोरा का झाला? कारण असे कितीतरी फॉर्म आतून वेबपानं असतात, वरून फक्त ॲपचं कव्हर. किंवा फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह अशा साधनांनी बनवलेले असतात, जिथे ही आपसूक सोय मिळत नाही. मागून घ्यावी लागते, हाताने जोडावी लागते. एकदाच लिहून दोन्ही फोनांवर चालवायचं, या स्वस्ताईची ही किंमत. ती भरतो मात्र दुसराच.

फोन आडवा केला की पूर्वी अँड्रॉइडची ॲप्स सगळं विसरायची, हे जुन्या वापरणाऱ्यांना आठवत असेल. स्क्रीन फिरली की अँड्रॉइड ती स्क्रीन मोडून नवी बनवतो, आणि मोडलेल्या स्क्रीनबरोबर तिच्यातलं सामान जातं. त्यावर गूगलने २०१७ मध्ये ‘व्ह्यूमॉडेल’ आणलं: स्क्रीन मोडली तरी शाबूत राहणारं एक कपाट. ते इतकं लोकप्रिय झालं की एक पिढीच्या पिढी समजून बसली, प्रश्न मिटला. तो मिटलेला नव्हता. व्ह्यूमॉडेलचं कपाट स्क्रीन फिरली तर टिकतं. सिस्टीमने अख्खं ॲप बंद केलं तर कपाटासकट घर जातं. त्यासाठी पुढे निराळी जोड द्यावी लागली. आणि वापरणाऱ्याने स्वतः बोटाने सरकवून ॲप काढून टाकलं, तर सिस्टीम समजते की याला काही नको आहे, आणि जपलेलं पुडकंही फेकून देते. तिथे फक्त डेटाबेसमध्ये लिहिलेलं वाचतं. मरणं तीन प्रकारची, उपायही तीन, आणि हलक्या मरणाचं औषध भारी मरणाला लागू पडत नाही. मुलाखतीला बसलेल्या पोराला यातला फरक विचारला की तो फडाफडा सांगतो. त्याच पोराने बनवलेला फॉर्म कॅमेरा उघडल्यावर कोरा होतो. त्याच्या टेबलावरचा फोन आठ-बारा जीबी रॅमचा असतो. तिथे कॅमेरा उघडला म्हणून काही मरत नाही, आणि जे मरताना दिसत नाही ते दुरुस्तही होत नाही.

रेल्वेच्या तिकिटात हे गणित बरंच नीट मांडलेलं दिसतं. मुंबईच्या लोकलसाठी मोबाइल तिकीट २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा फोनवर पैसे भरूनही स्टेशनातल्या यंत्रातून कागद छापून घ्यावा लागे. पुढच्या वर्षी, जुलै २०१५ मध्ये, पश्चिम रेल्वेवर कागद गेला. रेल्वेची संगणक संस्था क्रिसने यूटीएस ॲप बनवताना दोन कामांची फारकत केली. तिकीट काढायला नेट हवं, जीपीएस हवं. फलाटावर उभं राहून, टीसी दिसल्यावर तिकीट काढता येऊ नये म्हणून रुळांजवळ नेहमीची नोंदणी होतच नाही. म्हणून वाकोल्यातून सांताक्रूझ स्टेशनला निघालेला माणूस रिक्षात असतानाच तिकीट काढतो. विसरलेल्यासाठी स्टेशनावर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करायची सोयही पुढे आली. मात्र एकदा निघालेलं तिकीट दाखवायला नेट लागत नाही. ते फोनमध्ये उतरलेलं असतं, ‘तिकीट दाखवा’ म्हटलं की समोर. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये हजारो फोन एकाच टॉवरशी झोंबत असताना हा निर्णय किती शहाणपणाचा, हे दारात लटकणाऱ्याला विचारावं.

या शहाणपणाची दुसरी बाजूही आहे. तिकीट फोनमध्येच असल्यामुळे ते फोनबरोबरच मरतं. बॅटरी संपली आणि तिकीट दाखवता आलं नाही, तर नियमाने तो विनातिकीट प्रवासी. माहिती जवळ ठेवली की नेटच्या कटकटीतून सुटका होते आणि बॅटरीच्या कटकटीत अडकायला होतं. १ जुलै २०२५ ला रेल्वेने रेलवन हे एकत्र ॲप आणलं, आरक्षित आणि अनारक्षित दोन्ही तिकिटांसाठी. ॲप बदललं, चार्जर जवळ ठेवण्याची गरज बदललेली नाही.

मुंबईबाहेर हाच प्रश्न शेताच्या बांधावर गेला. १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणीचं ॲप सुरू झालं. तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, गट क्रमांक आणि क्षेत्र भरायचं, आणि नोंद सातबाऱ्यावर जायची. बांधावर नेट कुठून येणार? म्हणून ॲपमध्ये ‘अपलोड’ असा वेगळा पर्याय ठेवला होता: शेतात भरलेलं फोनमध्ये राहील, रेंजमध्ये आलं की पाठवा. कागदावर हे छान दिसतं. पण फोनमध्ये असणं आणि सरकारदरबारी पोचणं या दोन गोष्टींमधला फरक ज्याला कुणी समजावून सांगितलेला नाही, तो फोटो काढल्याबरोबर घरी जातो आणि निर्धास्त झोपतो. सातबाऱ्यावर रकाना रिकामा. जपणं म्हणजे नुसतं साठवणं नव्हे. काय कुठवर पोचलंय हे ठसठशीत अक्षरांत सांगणं हाही जपण्याचाच भाग. ‘फोनमध्ये आहे, अजून पाठवलेलं नाही’ एवढं वाक्य लाल अक्षरांत स्क्रीनवर आलं असतं, तर किती हेलपाटे वाचले असते.

त्याच महिन्यात राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचं आंदोलन केलं. फोन २ जीबी रॅमचे, जुने झालेले, आणि त्यावर पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप चालवायचं. भाषेची अडचण वेगळीच. बातम्यांमध्ये हा कामगार प्रश्न म्हणून आला, आणि तो होताही. पण त्याच्या आत हा तांत्रिक प्रश्नही दडला होता. ज्या फोनमध्ये एका वेळी एकच जड ॲप नीट राहू शकतं, तिथे बाळाचं वजन टिपता टिपता आलेला एक फोनसुद्धा अर्धवट नोंद घालवू शकतो. सेविकांची तक्रार ‘फोन हँग होतो’ अशी होती. हँग या शब्दाखाली काय काय जातं हे कुणी बारकाईने बघायला बसलं नाही.

पैशाचा प्रश्न आला की सगळे एकदम सावध होतात. वाकोल्याला लागूनच बीकेसी, आणि तिथे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं मुख्यालय. ११ एप्रिल २०१६ ला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते तिचं यूपीआय सुरू झालं. ॲपवरून मागवलेल्या भाजीचे चाळीस रुपये देताना स्क्रीनच नव्हे, ॲपही बदलतं. दुकानाच्या ॲपमधून बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये, तिथून पिनच्या चौकटीत, आणि उलट. या प्रवासात दुकानाचं ॲप मरू शकतं, फोन बंद पडू शकतो, वीज जाऊ शकते. म्हणून यूपीआयने फोनवर विश्वासच ठेवलेला नाही. पैसे गेले की नाही, याचा निवाडा सर्व्हरवर होतो. फोनमध्ये उरतो तो बारा आकडी संदर्भ क्रमांक. फोन विसरला तरी बँक विसरत नाही. आणि मधल्या मध्ये अडकलंच, तर त्यालाही नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे एका खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाताना अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवेत, दुकानदाराला देताना अडकले तर पाच दिवसांत. त्यापुढे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची.

फॉर्मसाठी असा नियम नाही. चाळीस रुपये हरवले तर भरपाई, चाळीस मिनिटं हरवली तर काही नाही. पैसे हा ‘व्यवहार’, फॉर्म भरणं म्हणजे बाईमाणसाचा वेळ; हा भेद तंत्रज्ञानातला नाही, आपला आहे. आणि मराठीत फॉर्म भरणाऱ्याची चाळीस मिनिटं खरोखर जातात. एक नाव मराठीत, तेच इंग्रजीत, आधारवर आहे तसंच, जोडाक्षराची खटपट, कळफलक बदलत राहायचा.

मग सगळं कायमचं जपून ठेवावं का? इथे गाडी उलट दिशेला वळते. वाकोल्याच्या चाळींत फोन एकाच माणसाचा नसतो. सकाळी तो नवऱ्याबरोबर कामावर जातो, संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला, रात्री सासूच्या मालिकेला. झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून तर दिवसाला दहा जणांचे फॉर्म जातात. अशा फोनवर अर्धवट फॉर्म जसाच्या तसा जपला, तर पुढच्या माणसासमोर आधीच्याचा आधार क्रमांक आणि खाते क्रमांक उघडा पडतो. बँकांची ॲप्स थोडा वेळ हात न लावल्यास स्वतःहून बाहेर फेकतात. लोक चिडतात, पण तिथला विसराळूपणा मुद्दाम ठेवलेला आहे. ओटीपी, पिन, पासवर्ड ही फोनवर लिहून ठेवायची जिन्नस नव्हेत. ती हातात घेऊन वापरायची आणि सोडून द्यायची. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. त्याचा एक सरळ अर्थ असा, की काम झालं की माहिती पुसली जावी. जपायचं किती आणि विसरायचं काय, हे ॲप लिहायला बसण्याआधी ठरवायचं असतं. प्रत्यक्षात ते तक्रार आल्यावर ठरतं.

मधला मार्ग अवघड नाही, आणि तो कुठल्याही चांगल्या प्रोग्रॅमरला ठाऊक आहे. नाव-पत्त्यासारखं प्रत्येक रकान्यानंतर फोनमध्ये लिहावं. खाते क्रमांक लिहावा, पण कुलूपबंद, आणि ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसला जाईल असा. फोटो फाइल म्हणून ठेवावा, स्क्रीनवरून स्क्रीनवर फक्त फाइलचं नाव न्यावं. ॲप पुन्हा उघडलं की भाषा विचारण्याआधी विचारावं: अर्धवट फॉर्म आहे, पुढे भरायचा की पुसायचा? दोन बटणं. हे फार तर काही दिवसांचं काम. पण निविदेत त्याचा रकाना नसतो, म्हणून बिलात नसतं, म्हणून ॲपमध्ये नसतं.

तेव्हा ॲप विकत घेणाऱ्या कार्यालयांना एवढीच विनंती. काम ताब्यात घेताना प्रात्यक्षिकाच्या महागड्या फोनवर भरलेला फॉर्म बघू नका. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांमध्ये, मागे गेलेली स्क्रीन लगेच मोडून टाकणारी एक सेटिंग आहे. ती चालू करा. मग पार्श्वभूमीतल्या प्रोसेसची मर्यादा शून्यावर आणा. फॉर्म अर्धा भरा, कॅमेरा उघडा, आधारचा फोटो काढा, मधेच एक फोन घ्या, आणि परत या. भरलेलं जिथल्या तिथे असेल तरच सही करा.